एक्केचाळीस पुस्तकं, त्यांतलं पहिलं कुठलं?

*वाचकांचे प्रश्न, ग्रंथपाल ताईंची उत्तरं*

ताई, सप्रेम नमस्कार. मी कल्याणला राहतो, ऑफिस फोर्टला. जाऊन-येऊन रोजचे अडीच-तीन तास लोकलमध्ये जातात. बसायला मिळालं की वाचतो. गेल्या दिवाळीत टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ मालिकेतलं पहिलं पुस्तक, ‘द कलर ऑफ मॅजिक’, विकत घेतलं. निम्म्यावर अडकलोय. उलट्या डोंगरात ड्रॅगन येतात तिथपर्यंत गेलो आणि मग पुस्तक बॅगेतून बाहेर येईना. ऑफिसातला एक मित्र म्हणतो, ते सोड, ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घे. दुसरा म्हणतो, ज्या क्रमाने छापली त्याच क्रमाने वाच, नाहीतर वाचूच नकोस. मोबाइलवर एक तक्ता मिळाला, त्यात इतके बाण आहेत की रेल्वेचा नकाशा परवडला. एकूण एक्केचाळीस पुस्तकं. मधूनच कुठूनतरी सुरुवात करणं माझ्या स्वभावाला पटत नाही, काहीतरी निसटेल अशी धास्ती वाटते. सगळी विकत घेणंही शक्य नाही. तुम्ही सांगाल तसं करीन.

— एक वाचक, कल्याण

तुमचं पत्र वाचलं आणि कपाटातून आमच्या वाचनालयाची ‘द कलर ऑफ मॅजिक’ची प्रत काढून आणली. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, ती बघितली. सात शिक्के आहेत. त्याच गोष्टीचा पुढचा अर्धा भाग म्हणजे ‘द लाइट फॅन्टास्टिक’. त्याच्या चिठ्ठीवर दोनच. पहिलं पुस्तक सात जणांनी नेलं आणि त्यातल्या पाच जणांनी पुढचं मागितलंच नाही. हे पाचही जण चांगले वाचणारे आहेत, त्यातल्या तिघांना मी ओळखते. म्हणजे तुम्ही जिथे अडकलात तिथे अडकणं ही तुमची कमतरता नव्हे, एवढं आधी मनातून काढून टाका.

अडकायला कारण आहे. ‘द कलर ऑफ मॅजिक’ १९८३ साली आलं तेव्हा प्रॅचेट नोकरी करत होते, वीज मंडळाच्या प्रसिद्धी खात्यात. एक्केचाळीस पुस्तकांची मालिका लिहायला घेतलीय असं तेव्हा त्यांच्याही ध्यानीमनी नसणार. त्या काळी इंग्रजीत तलवारी, जादूगार, ड्रॅगन यांच्या कादंबऱ्यांचं पीक आलं होतं, त्यांची टर उडवायची म्हणून हे पुस्तक लिहिलेलं आहे. एकमेकांना जोडलेले चार भाग आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भागात कुठल्यातरी जुन्या लोकप्रिय कादंबरीची नक्कल आहे. तो उलटा डोंगर आणि ते ड्रॅगन याच नक्कलेतले. मूळ कादंबऱ्या आपण वाचलेल्या नसल्या की नक्कल कुणाची चाललीय ते कळत नाही. ज्याचा आवाज कधी ऐकलाच नाही अशा माणसाची नक्कल समोर चाललेली असावी, तसं होतं. त्यात पुस्तक संपतं ते पृथ्वीच्या कडेवरून खाली पडताना. खरोखरच, कारण हे जग सपाट आहे. पुढचा भाग हातात नसेल तर वाचक तसाच लटकत राहतो.

तेव्हा माझं उत्तर सरळ आहे: ते पुस्तक सध्या मिटून ठेवा आणि ‘गार्ड्स! गार्ड्स!’ घ्या. तुमचा पहिला मित्र बरोबर सांगतोय. दुसऱ्याच्या म्हणण्यातही अर्धं खरं आहे, त्याच्याकडे नंतर येते.

तुमची धास्ती अशी की मधून सुरुवात केली तर काहीतरी निसटेल. ही मालिका एकच एक लांबलचक गोष्ट असती तर मी तुमच्याच बाजूने उभी राहिले असते. पण ती तशी नाही. जग एक, शहर एक, आणि त्यात पाच-सहा वेगवेगळ्या मंडळींच्या गोष्टी. शहराच्या पहारेकऱ्यांच्या वेगळ्या, डोंगरातल्या चेटकिणींच्या वेगळ्या, प्रत्यक्ष मृत्यूच्या वेगळ्या, विद्यापीठातल्या जादूगारांच्या वेगळ्या. वाड्यात चार बिऱ्हाडं असावीत, अंगण आणि नळ एकच, तसं समजा. एका बिऱ्हाडातली भांडणं त्याच घरात सुरू होऊन त्याच घरात मिटतात, दुसऱ्या बिऱ्हाडातला माणूस अंगणातून जाता जाता दिसतो. तुम्ही कुठल्याही बिऱ्हाडाच्या दारातून आत या. मात्र एकदा आत आलात की त्या घरातला क्रम मोडू नका. माझं सांगणं एवढंच आहे आणि ते मी फार ठामपणे सांगते, कारण मी तो क्रम मोडला होता.

माझ्या हाती या मालिकेतलं पहिलं पुस्तक आलं ते ‘नाइट वॉच’. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर, जुन्या पुस्तकांच्या ढिगाच्या तळाशी, पाठीचा पुठ्ठा सुटलेलं. पहारेकऱ्यांच्या गोष्टींतलं ते सहावं, २००२ सालचं. मला ते माहीत नव्हतं. मी वाचलं, आवडलं. सॅम व्हाइम्स नावाचा पोलीसप्रमुख तीस वर्षं मागच्या काळात जाऊन पडतो आणि स्वतःच्याच तरुणपणाला भेटतो. गोष्ट चांगली आहे म्हणून पुस्तक मिटवलं आणि आमच्या एका सभासदाला देऊन टाकलं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मी ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून ओळीने आले. दुसरं पुस्तक ‘मेन ॲट आर्म्स’. त्यात एक परिच्छेद बुटांवर आहे. व्हाइम्सला महिन्याला अडतीस डॉलर पगार. चांगले चामड्याचे बूट पन्नास डॉलरला. ते वर्षानुवर्षं टिकतात. त्याला परवडतात ते दहा डॉलरचे, आणि त्यांचे तळवे एखाद-दुसऱ्या मोसमात झिजतात. ज्याच्याकडे पन्नास डॉलर आहेत त्याचे पाय दहा वर्षांनीही कोरडे असतात, आणि ज्याच्याकडे नाहीत तो तेवढ्या काळात बुटांवर शंभर डॉलर घालवतो आणि त्याचे पाय ओलेच राहतात. गरिबी महाग कशी पडते हे इतक्या कमी शब्दांत मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही. आमच्याकडे दर जूनला स्वस्तातल्या सँडलचा अंगठा तुटतो आणि ऑगस्टमध्ये दुसरी जोडी घ्यावी लागते, त्यामुळे हा परिच्छेद मला कुणी समजावून सांगावा लागला नाही. पण त्याच वाक्यांमध्ये एक छोटी गोष्ट आहे, ती बघा. तळवे इतके पातळ झालेले असतात की धुक्याच्या रात्रीसुद्धा आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे व्हाइम्सला पायाखालच्या दगडांवरून कळतं.

मग पुढच्या पुस्तकांत त्याचे दिवस पालटतात. कसे, ते सांगत नाही. पायात चांगले, जाड तळव्याचे बूट येतात. आणि ‘नाइट वॉच’मध्ये तो भूतकाळात जाऊन पडतो तेव्हा पुन्हा ते जुने, स्वस्त, पातळ बूट पायात चढतात. रात्रीच्या गस्तीवर चालताना शहर तळपायातून परत त्याच्याशी बोलायला लागतं. पहिल्यांदा वाचताना मी हे पान पाच सेकंदांत उलटलं होतं. बूट आहेत, चालतोय, पुढे काय? ओळीने आल्यावर त्याच पानाशी पोचले आणि पुस्तक मांडीवर ठेवून नुसती बसून राहिले. माणूस किती दूर जाऊन पोचला होता आणि कुठे परत आलाय हे त्या तळव्यातून कळत होतं, आणि ते मला कळत होतं कारण मी चार-पाच पुस्तकं त्याच्याबरोबर चालून आले होते. ते पान पहिल्यांदा, नव्याने, असं वाचायची संधी मी घालवली याची मला आजही हळहळ वाटते. ती तुमची जाऊ नये म्हणून एवढं लांबण लावलं.

तेव्हा पहारेकऱ्यांचा क्रम असा ठेवा: ‘गार्ड्स! गार्ड्स!’, ‘मेन ॲट आर्म्स’, ‘फीट ऑफ क्ले’, ‘जिंगो’, ‘द फिफ्थ एलिफंट’, मग ‘नाइट वॉच’, आणि त्यानंतर ‘थड!’ आणि ‘स्नफ’. ‘नाइट वॉच’पर्यंत पोचण्याआधी वाटेत कुठेतरी ‘रीपर मॅन’ही वाचून घ्या. ती मृत्यूच्या बिऱ्हाडातली गोष्ट, पण त्यात रेज शू नावाचं एक पात्र पहिल्यांदा भेटतं. ‘नाइट वॉच’मध्ये हाच माणूस तरुणपणी दिसतो, तेव्हा ओळख आधीची असलेली बरी. आणखी एक, पुढच्या पुस्तकांच्या मागच्या पानावरचा मजकूर वाचू नका. व्हाइम्सला पुढे कुठली पदवी मिळते, कुणाशी लग्न होतं, हे सगळं प्रकाशक दोन ओळींत सांगून मोकळे होतात. आमच्या काही प्रतींना मी तिथे खाकी कागद चिकटवलाय.

‘गार्ड्स! गार्ड्स!’ उघडाल तेव्हा अर्पणपत्रिका गाळू नका. तलवारबाजीच्या प्रत्येक गोष्टीत राजवाड्याचे पहारेकरी असतात. तिसऱ्या प्रकरणाच्या सुमारास त्यांनी धावत यायचं, नायकावर एकेक करून चालून जायचं आणि मरायचं. तुम्हाला हे करायचंय का, असं त्यांना कुणी विचारत नाही. हे पुस्तक त्या माणसांना अर्पण केलंय. आपल्या ऐतिहासिक सिनेमांतसुद्धा तटावरून पडणारे असे कितीतरी भालेकरी आपण पाहिलेत. त्यांच्यातल्याच एका दारुड्या, खचलेल्या माणसाला उचलून प्रॅचेटनी त्याला आठ कादंबऱ्या दिल्या. मालिकेचं खरं काळीज कुठे आहे ते या अर्पणपत्रिकेत कळतं, म्हणून मी याच दाराने आत या म्हणते.

आता तुमच्या दुसऱ्या मित्राचं अर्धं खरं. छापील क्रमाने वाचलं तर एक गोष्ट दिसते जी माझ्या पद्धतीत तितकी नीट दिसत नाही: शहर वाढताना दिसतं. अँख-मॉरपॉर्क सुरुवातीला नुसतं जुनाट, घाणेरडं, जादूटोण्याचं शहर आहे. १९९९च्या ‘द फिफ्थ एलिफंट’मध्ये मनोऱ्यांवरून झडपांच्या खुणांनी निरोप धाडायची यंत्रणा येते. २०००च्या ‘द ट्रुथ’मध्ये छापखाना आणि वर्तमानपत्र. २००४च्या ‘गोइंग पोस्टल’मध्ये बंद पडलेलं टपालखातं परत उभं राहतं, २००७च्या ‘मेकिंग मनी’मध्ये कागदी नोटा येतात, आणि २०१३च्या ‘रेझिंग स्टीम’मध्ये आगगाडी. तीस वर्षांत एका कल्पित शहराने मध्ययुगातून स्टेशनापर्यंतचा पल्ला गाठला. म्हणून माझा सल्ला असा की ही शेवटची चार, म्हणजे ‘द ट्रुथ’, ‘गोइंग पोस्टल’, ‘मेकिंग मनी’ आणि ‘रेझिंग स्टीम’, याच ओळीने आणि पहारेकऱ्यांची चार-पाच वाचून झाल्यावरच घ्या. ‘गोइंग पोस्टल’मध्ये तुंबलेल्या, कधीच न वाटलेल्या पत्रांनी भरलेली टपालकचेरी आहे. माझे वडील पोस्टात होते. ते पुस्तक मी त्यांच्या फोटोखाली बसून वाचलं.

या पुस्तकातली एक गोष्ट पुढे पुस्तकाबाहेर आली. मनोऱ्यांवरचे लोक आपल्यातला कुणी गेला की त्याचं नाव थांबू देत नाहीत, एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर, तिथून परत, असं फिरवत ठेवतात. नाव फिरतंय तोवर माणूस पुरता गेलेला नाही. १२ मार्च २०१५ला प्रॅचेट गेले तेव्हा जगभरच्या त्यांच्या वाचकांनी आपापल्या वेबसाइटच्या न दिसणाऱ्या संकेतांमध्ये त्यांचं नाव तसंच घालून ठेवलं. ते आजही फिरतंय.

पहारेकऱ्यांची तीन सलग झाली की मधे हवापालट करा. माझं म्हणणं ‘स्मॉल गॉड्स’ घ्या. ते कुठल्याही बिऱ्हाडाचं नाही, एकटं उभं आहे, काहीही आधी वाचलेलं लागत नाही. एक मोठा थोरला धर्म आहे, देवळं आहेत, धर्मगुरू आहेत, छळ करणारे अधिकारी आहेत, लाखो माणसं रोज प्रार्थना करतात. आणि प्रत्यक्ष देव एका बागेत लहानसं, एकडोळं कासव होऊन पडलाय, कारण त्या लाखांत मनापासून मानणारा एकच साधा पोरगा उरलाय. देव भावाचा भुकेला हे आपण लहानपणापासून ऐकतो. इथे तो भुकेने अक्षरशः कासवाएवढा झालाय. वारकऱ्यांच्या घरातल्या माझ्या सासूबाईंना मी ही गोष्ट तीन दुपारी सांगितली. शेवट ऐकून त्या म्हणाल्या, “हे लिहिणारा देव मानत नव्हता म्हणतेस, पण त्याला कळला होता.”

त्यांचं आवडतं मात्र ‘मॉर्ट’. त्यात मृत्यू एका शेतकऱ्याच्या धडपड्या पोराला उमेदवार म्हणून हाताखाली घेतो. सासूबाईंनी लगेच विचारलं, “म्हणजे यमच ना हा? मग रेडा कुठाय?” रेडा नाही, पांढरा घोडा आहे, बिंकी नावाचा, जिवंत, हाडामांसाचा. आधी सांगाड्याचा घोडा ठेवून बघितला होता, पण त्याची सुटलेली हाडं तारेने बांधायला सारखं थांबावं लागायचं. या मृत्यूला मांजरं आवडतात आणि करी आवडते. इंग्रजीत त्याचं बोलणं सगळं कॅपिटल अक्षरांत छापलेलं असतं, अवतरणचिन्हांशिवाय, त्यामुळे डोळ्यांनाच त्याचा आवाज ऐकू येतो. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही. मी मराठीतून सांगताना त्याची वाक्यं सगळी सावकाश, एका सुरात, घुमवून म्हणत असे. पण मराठीत हे छापायचं झालं तर काय करायचं याचा विचार मी अजून करतेय. ‘मॉर्ट’नंतर त्या ओळीत ‘रीपर मॅन’, ‘सोल म्युझिक’, ‘हॉगफादर’ आणि ‘थीफ ऑफ टाइम’.

चेटकिणींची सुरुवात ‘वीअर्ड सिस्टर्स’पासून करा. ‘इक्वल राइट्स’ त्याआधी छापलेलं आहे, पण त्यातली ग्रॅनी वेदरवॅक्स अजून पुरती ग्रॅनी झालेली नाही. पुढे ‘विचेस अब्रॉड’, ‘लॉर्ड्स अँड लेडीज’, ‘मास्करेड’, ‘कार्पे जुग्युलम’. ‘लॉर्ड्स अँड लेडीज’च्या सुरुवातीला खुद्द लेखकाने टीप दिलीय की एरवी माझी पुस्तकं सुटी वाचली तरी चालतात, हे मात्र आधीच्या गोष्टींना धरून आहे. लेखकानेच सांगितलंय म्हटल्यावर माझ्या शब्दाची गरज नाही.

घरात नऊ-दहा वर्षांचं मूल असेल तर टिफनी एकिंग या छोट्या चेटकिणीची पाच पुस्तकं, ‘द वी फ्री मेन’पासून. पण त्यातलं पाचवं, ‘द शेफर्ड्स क्राउन’, अगदी शेवटी, बाकी सगळं वाचून झाल्यावर. ते लेखकाच्या निधनानंतर, २०१५ सालीच आलं. त्यात एक निरोप आहे. चेटकिणींची आधीची पुस्तकं न वाचता तो निरोप घेतलात तर ओळख नसलेल्या घरी भेटायला गेल्यासारखं होईल. त्यापुढे पुस्तक नाही आणि येणारही नाही. अपुऱ्या राहिलेल्या लिखाणाची हार्ड डिस्क रोलरखाली चिरडायची अशी प्रॅचेट यांची इच्छा होती. २०१७च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडातल्या डॉर्सेटच्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत ती पाळली गेली. मालिका पूर्ण आहे, तेव्हा पुढचा भाग कधी येणार ही काळजी नाही.

तुमची ‘द कलर ऑफ मॅजिक’ची प्रत विकू नका. आठ-दहा पुस्तकं झाली की ‘द लाइट फॅन्टास्टिक’ मिळवा आणि दोन्ही मिळून एकच पुस्तक समजून वाचा. तेव्हा या जगावर तुमचं प्रेम बसलेलं असेल. हे सपाट जग चार हत्तींच्या पाठीवर टेकलंय आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर उभे आहेत, ते तिथेच सगळ्यात स्पष्ट दिसतात. आपल्याकडे ऐरावत, पुंडरीक, वामन, कुमुद असे आठ दिशांचे आठ हत्ती. प्रॅचेटनी चारांवर भागवलंय, आणि पाचव्याचं काय झालं ते ‘द फिफ्थ एलिफंट’मध्ये आहे.

लोकलचं म्हणाल तर यातल्या बहुतेक पुस्तकांत प्रकरणंच नाहीत. दोन प्रसंगांमध्ये एक मोकळी जागा, बस. ठाणं गेलं की पुढची मोकळी जागा बघून ठेवा, भायखळ्यापर्यंत ती गाठली जाते. तळटीपा गाळू नका, पुस्तकाची अर्धी गंमत तिथे आहे. आणि ऑफिस फोर्टला आहे तर मधल्या सुट्टीत फाउंटनपर्यंत पायी जा. विक्रेत्याला नाव सांगून ठेवलं की ते लोक लक्षात ठेवतात. सहा-सात पुस्तकं विकत, बाकी वाचनालयातून, असं जमतं.

---

ताई, आम्ही इंदूरला असतो. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी ‘नार्निया’चा सात पुस्तकांचा संच आणला. पाठीवर क्रमांक घातलेत आणि एक नंबरला ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ आहे. माझ्या आठवणीत मी लहानपणी कपाटाच्या गोष्टीपासून सुरुवात केली होती. लेक म्हणते, आई, एक म्हणजे एक. कुणाचं ऐकू?

— एक आई, इंदूर

तुमच्या आठवणीचं ऐका. ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ हे १९५० साली आलेलं पहिलं पुस्तक. ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ १९५५ सालचं, छापील क्रमाने सहावं. नार्निया निर्माण कसं झालं ते त्यात आहे, म्हणून नव्या संचांत त्याला एक नंबर दिला.

गंमत म्हणजे हा वाद सत्तर वर्षांपूर्वी असाच एका आई-मुलात झाला होता. अमेरिकेतल्या एका मुलाने थेट लेखकाला, सी. एस. लुइस यांना, पत्र लिहिलं. आईचं मत छापील क्रमाचं, मुलाचं कालक्रमाचं. १९५७ साली लुइसनी उत्तर पाठवलं की मला तुझं म्हणणं जास्त पटतं, पण कुठल्याही क्रमाने वाचलं तरी बहुधा फारसं बिघडत नाही. लेखकाला पूर्ण मान देऊन मी त्या आईच्या बाजूची आहे.

का ते सांगते. ल्यूसी कपाटात शिरते, लोकरी कोटांमधून पुढे पुढे जाते, पायाखाली काहीतरी कुरकुरतं, ते बर्फ असतं, आणि जंगलाच्या मधोमध रस्त्यावरचा दिव्याचा खांब पेटलेला असतो. जंगलात खांब कशाला? हा प्रश्न तुमच्या लेकीला ल्यूसीबरोबरच पडला पाहिजे. ‘नेफ्यू’मध्ये त्या खांबाचं उत्तर आहे. ते आधी वाचलं तर ती म्हणेल, हां, तो खांब, आणि पान उलटेल. तसंच अस्लान या सिंहाचं. त्याचं नाव पहिल्यांदा येतं तिथे लेखक म्हणतो, मुलांना तो कोण हे माहीत नव्हतं, जसं तुम्हालाही माहीत नाही. एक नंबरचं पुस्तक आधी वाचलेल्या मुलाला हे वाक्य खोटं वाटणार.

इंदूरला राहता म्हणजे ‘चंद्रकांता’ घरात कुणीतरी वाचलेली असेल. देवकीनंदन खत्रींनी आधी ‘चंद्रकांता’, मग चोवीस भागांची ‘संतती’ आणि त्यानंतर ‘संतती’तल्याच भूतनाथ या पात्राचं पूर्वायुष्य सांगितलं. आता कुणी कालक्रम लावून भूतनाथची गुपितं आधी उघडली तर ‘संतती’त त्याला बघून दचकायचं कुणी? गोष्टीतला काळ आणि गोष्ट सांगायची वेळ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आजीसुद्धा रामाची गोष्ट रावणाच्या पणजोबापासून सुरू करत नाही.

लेकीशी वाद घालू नका. सात छोटे गोल स्टिकर आणा आणि दोघी मिळून नवे आकडे चिकटवा: ‘लायन’, ‘प्रिन्स कॅस्पियन’, ‘डॉन ट्रेडर’, ‘सिल्व्हर चेअर’, ‘हॉर्स अँड हिज बॉय’, ‘नेफ्यू’, ‘लास्ट बॅटल’. दुसऱ्यांदा वाचेल तेव्हा तिच्या क्रमाने वाचू दे. नऊ वर्षांची आहे, दुसऱ्यांदा वाचणारच.

---

ताई, मैत्रिणीकडून अर्सला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ची पुस्तकं आणली. सहापैकी पाच आहेत, ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’ हा कथासंग्रह नाही. कथाच तर आहेत, तो सोडून शेवटची कादंबरी वाचली तर चालेल ना?

— एक विद्यार्थिनी, पणजी

नाही गं. शेवटच्या ‘द अदर विंड’मध्ये एक बाई येते, तिची सगळी हकीकत त्या संग्रहातल्या शेवटच्या कथेत, ‘ड्रॅगनफ्लाय’मध्ये आहे. दोन्ही पुस्तकं २००१ सालची, एकमेकांना लागून. ती कथा न वाचता पुढे गेलीस तर भर सभेत एक अनोळखी बाई उभी राहील आणि बाकी सगळे तिला ओळखत असतील.

आणखी एक सांगते, ते तू विचारलेलं नाहीस. तिसरं पुस्तक १९७२चं, चौथं ‘तेहानू’ १९९०चं. मधे अठरा वर्षं गेली. पहिली तीन सलग वाच, पण ‘तेहानू’ लगेच उघडू नकोस, महिनाभर तरी जाऊ दे. ‘टूम्स ऑफ अतुआन’मध्ये जी कोवळी पोर होती, तेनार, ती इथे मध्यमवयीन विधवा आहे, शेत सांभाळणारी, भाजलेल्या एका लहान मुलीला उराशी धरणारी. ले ग्विन यांनी स्वतः तेवढी वर्षं घेतली तेव्हा त्यांना ती दिसली. मी विशीत हे पुस्तक अर्ध्यावर ठेवलं होतं, जादू कुठे गेली म्हणून. पन्नाशीच्या जवळ आल्यावर एका रात्रीत वाचून काढलं. तू आत्ता वाचशील तेव्हा नाही आवडलं तर टाकून देऊ नकोस, शेल्फात राहू दे.

संग्रह पणजीच्या सेंट्रल लायब्ररीत विचारून बघ. तिथे नसेल तर मला कळव, आमची प्रत महिन्याच्या बोलीवर पाठवते.